सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळसर धूर: इंजिन खोलायच्या आधी काय तपासू?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोलची, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. आठ महिन्यांपूर्वी वापरलेली घेतली तेव्हा मीटरवर ८६,००० किलोमीटर होते, आज ९४,००० आहेत.

रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताच सायलेन्सरमधून धुराचा एक लोट येतो. पाच-सहा सेकंद टिकतो, मग काही नाही. वास जळक्या तेलाचा, नाकात बसणारा. दुसरं म्हणजे सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहून गाडी हलवली की पुन्हा थोडा धूर येतो. हे मला मागच्या गाडीवाल्याने हात करून दाखवलं तेव्हा कळलं. मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगात आरशात काही दिसत नाही. पिकअपची तक्रार नाही. टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, कूलंट आठ महिन्यांत तसूभरही उतरलेलं नाही. ऑइल मात्र लागतं. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक बघतो आणि कमी दिसलं की घालतो.

गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने रेस देऊन पाहिली आणि दोन मिनिटांत सांगितलं की रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. असेलही तसं. पण एकही माप न घेता एवढं मोठं काम काढायला मन धजत नाही. हत्यारं आहेत, हात काळे करायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

खडूफळा

ढोबळ हिशेब असा: पांढरा धूर म्हणजे पाणी किंवा कूलंट, निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे न जळलेलं जास्तीचं इंधन. तुमच्या वर्णनावरून ऑइल जळतंय.

पण रंगाची खात्री करा. तेलाचा पातळ धूर काळपट भिंतीसमोर निळा दिसतो, आणि तोच धूर उजळ आकाशासमोर राखाडी किंवा पिवळसर. बघणाऱ्याने उभं कुठे राहायचं यावर रंग बदलतो. त्यापेक्षा एक पांढरा कोरा कागद घ्या आणि स्टार्ट करताना सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. नंतर कागद वाळू द्या. पाणी असेल तर वाळून जाईल. तेल असेल तर डाग पारदर्शक होऊन पसरतो आणि उजेडासमोर धरला की आरपार उजेड दिसतो. काळे कोरडे ठिपके आले तर घाबरू नका, ती पाण्याबरोबर आलेली काजळी, बोटाने पुसली जाते.

जुना पाना

सत्तावीस वर्षं इंजिनांत हात घालतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

धुराचा रंग फक्त जळतंय काय ते सांगतो. ते आत येतंय कुठून, हे धूर *कधी* येतो त्यावरून कळतं. मी गिऱ्हाइकाला रंग नंतर विचारतो, वेळ आधी विचारतो. तुम्ही वेळ नीट सांगितली आहे, त्यामुळे अर्धं काम झालंय.

ऑइलला सिलिंडरमध्ये शिरायला मुख्य वाटा दोन. एक खालून, पिस्टनच्या रिंगांवरून. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. दांडा ज्या गाइडमध्ये वरखाली होतो तिच्या डोक्यावर रबराची छोटी टोपी असते, ती व्हॉल्व्ह सील. वर कॅमशाफ्टपाशी सगळीकडे ऑइल उडत असतं आणि ही टोपी ते निपटून अगदी पातळ थर तेवढा खाली जाऊ देते. रबर उष्णतेने कडक झालं की दांड्याला चिकटून बसत नाही. गाडी रात्रभर उभी असताना थेंब थेंब ऑइल दांड्यावरून ओघळून व्हॉल्व्हच्या पाठीवर, नाहीतर व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थेट पिस्टनवर साचतं. सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत ते जळतं आणि संपतं. तुमचे पाच-सहा सेकंद हेच असावेत.

सिग्नलचंही तसंच. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो. बाहेर हवेचा दाब १०० किलोपास्कलच्या आसपास, आणि सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये ३० ते ४०. म्हणजे इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल अक्षरशः ओढलं जातं. उभ्या गाडीत ते साचत राहतं आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एकदम जळतं.

रिंगा गेलेल्या गाडीचा धूर वेगळा. चढावर, भरल्या गाडीला, जोर लावला की धूर, आणि जोर आहे तोवर धूर. शिवाय बॅक कॉम्प्रेशन: ऑइल भरायचं झाकण काढलं की आतून फस् फस् हवा येते.

यात एक मेख आहे, तीही सांगून ठेवतो. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, खालची ऑइल निपटते. ही खालची ऑइल रिंग काजळीने खाचेत अडकून बसली तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, उत्तम दाखवतं आणि गाडी तरीही ऑइल पीत राहते. म्हणून कॉम्प्रेशन चांगलं निघालं तर नाचू नका आणि थोडं कमी आलं तर रडू नका.

आता क्रमाने करा:

एक, वर सांगितलेला कागद.

दोन, मोठ्या उतारावर गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा, गाडी इंजिनवर रोखली जाऊ द्या, आणि पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्या क्षणी बघायला सांगा. तिथे लोट आला तर व्हॉल्व्ह सील किंवा ऑइल रिंग, दोघांपैकी एक.

तीन, पीसीव्ही व्हॉल्व्ह. बरेच जण याच्याकडे बघतच नाहीत. टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) किंवा त्याच्या होजमध्ये बसतो, इंजिनच्या पोटातली वाफ आणि गॅस इनटेककडे नेतो. तुंबला तर पोटात दाब वाढून ऑइल मिळेल त्या वाटेने वर ढकललं जातं. उघडाच राहिला तर ऑइलचे तुषार सरळ इनटेकमध्ये ओढले जातात. दोन्हीत धूर निळा.

हे झालं की मग कॉम्प्रेशन गेज. आणि गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवून यातलं काहीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोजपट्टी

पहाटवारा, "ऑइल लागतं" यावर निदान होत नाही हो. किती किलोमीटरला किती, हा आकडा हवा. आणि डिपस्टिक बघता कशी? इंजिन बंद करून किती वेळाने?

पहाटवारा

मोजपट्टी, तुमचा प्रश्न वाचून आज नीट पाहिलं. मी पेट्रोल भरताना, इंजिन बंद केल्या केल्या डिपस्टिक काढत होतो. आज सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी स्टार्ट न करता बघितली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. म्हणजे आठ महिने मी जास्तच भरत आलोय.

कागदाची परीक्षा केली. वाळल्यावर चार मोठे डाग राहिले, खिडकीशी धरल्यावर उजेड आरपार. तेव्हा तेलच.

मोजपट्टी

हे मोठं सापडलं. इंजिन बंद केल्या केल्या बरंचसं ऑइल वरच्या हेडमध्ये आणि वाटांमध्ये असतं, खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरायला वेळ लागतो. लगेच बघितलं की कमी दिसणारच. बहुतेक गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर असतं, त्यामुळे बोटभर वर म्हणजे थोडंथोडकं नाही. पातळी फार चढली की क्रँकशाफ्ट त्यात आपटून ऑइल फेसाळतं, पोटातले तुषार वाढतात आणि पीसीव्हीच्या वाटेने इनटेकमध्ये जातात.

जास्तीचं काढून पातळी खुणेच्या आत आणा. मग एकच जागा ठरवा, सपाट. इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची आणि मग वाचायची. तारीख, किलोमीटर आणि खुणेपासून किती मिलिमीटर खाली, हे वहीत लिहा. किमान १,००० किलोमीटर मध्ये एक थेंब घालू नका, खालच्या खुणेखाली गेलं तरच घाला.

धडधड

मी सोपं सांगतो. २०डब्ल्यू-५० जाड ऑइल भरा आणि सोबत धूर बंद करायचं बाटलीतलं औषध टाका. माझ्या आधीच्या गाडीचा धूर आठवड्यात गेला होता.

जुना पाना

धडधड, धूर गेला असेल, खोटं म्हणत नाही. जाड ऑइल घट्ट फटीतून कमी झिरपतं, त्यामुळे धूर दिसायचा थांबतो. पण फट तशीच राहते. आणि आताच्या इंजिनांत कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, बारीक वाटांतून. तिथे हँडबुकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० सकाळच्या थंडीत वेळेवर पोचत नाही. धूर वाचवताना कॅम आणि टायमिंगची साखळी झिजवायची, असा व्यवहार होतो. हँडबुकात दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर त्यातला जाड घ्या, तेवढी मुभा आहे.

बाटलीतली काही औषधं रबर फुगवतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस आराम पडतो. पण निदान चालू असताना टाकू नका. आजार झाकला गेला की कारण सापडत नाही.

आणि ऑइल जळत ठेवणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ऑइलमध्ये झीज रोखणारी फॉस्फरस असलेली रसायनं असतात. ती जळून सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीवर बसतात आणि तो हळूहळू निकामी होतो. मग चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० कोड येतो, आणि लोक नुसता कन्व्हर्टर बदलून बसतात. धूर चालूच राहतो आणि नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो.

काजळी

धागा निळ्या धुराचा आहे, पण माझा काळ्याचा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. डिझेल, टर्बो, १.५ लिटर. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे काळं ढग, पिकअप मेलेला. मी इंजेक्टर काढून तपासायला दिले, दोन बदलले. फरक शून्य. एअर फिल्टर नवा घातला, तरी तेच.

शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करतो तो) रबरी होज हातात धरला आणि मला रेस द्यायला सांगितलं. त्याने माझा हात होजच्या खालच्या बाजूला नेऊन ठेवला. वरून होज धडधाकट, खाली क्लॅम्पच्या कडेला बोटाएवढी चीर. इंजिन थंड असताना चीर मिटलेली, कुणाला दिसणारच नाही. टर्बोचा दाब आला की ती ओठांसारखी उघडायची आणि दाबलेली हवा फुसकन बाहेर. होजभोवती ऑइलचा ओलसर काळा पट्टा होता, तो मी दहा वेळा पाहूनही "जुनी गाडी आहे, असेल" म्हणून सोडला होता. होज बदलला, धूर त्याच दिवशी गेला.

जुना पाना

काजळी, नेमकं लिहिलंत. डिझेलचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. म्हणून आधी हवेची वाट बघायची: फिल्टर, होज, इंटरकूलर, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह. इंजेक्टर सगळ्यांत शेवटी. ईजीआर उघडा अडकला तर जळलेला वायू परत आत येतो आणि ताज्या हवेची जागा खातो, तिथेही काळा धूर आणि मेलेला पिकअप. स्कॅनरवर पी०२९९ असेल तर टर्बोचा दाब कमी पडतोय, होज चाचपायला घ्या.

पेट्रोलवर काळा धूर आला तर गोष्ट वेगळी. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण कॉम्प्युटर सांभाळतो. तो चुकला म्हणजे त्याला कुणीतरी खोटं सांगतंय, नाहीतर पेट्रोल त्याच्या परवानगीशिवाय शिरतंय. पहिल्यात कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर: इंजिन गरम असताना स्कॅनरवर तापमान उणे दिसलं तर कॉम्प्युटर गारठ्यातल्या इंजिनाला देतात तसं पेट्रोल ओततोय. दुसऱ्यात गळका इंजेक्टर, किंवा जुन्या पद्धतीच्या गाड्यांत फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा फाटलेला पडदा. त्याचा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून हुंगा. आत पेट्रोल ओलं असेल तर पडदा फाटलाय. स्कॅनरमध्ये फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे २० च्या खाली आणि पी०१७२ दिसला की हा शोध सुरू करायचा.

दवबिंदू

मी पांढऱ्याबद्दल लिहिते. आमच्या गाडीत दर आठवड्याला कूलंटच्या टाकीत पाणी घालावं लागायचं. खाली जमिनीवर एक थेंब नाही. मी चार महिने पाणी घालत राहिले, कारण गाडी चालत होती. सकाळी पांढरा धूर यायचा, पण थंडीत सगळ्यांच्याच गाड्यांमागे येतो असं मनाशी म्हटलं. फरक एवढाच होता की इतरांचा दोन-चार मिनिटांत विरायचा आणि आमचा इंजिन पूर्ण तापल्यावरही मागे लोळत राहायचा. वास गोडसर.

हेड उतरवलं तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. तीन पिस्टनांची डोकी काजळीने काळी कुळकुळीत आणि दुसऱ्या नंबरचा पिस्टन धुऊन काढल्यासारखा लखलखीत. त्याच सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत होतं आणि वाफेने त्याला रोज साफ केलं होतं. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधली पातळ पट्टी, त्या बाजूला जळलेलं. मधल्या चार महिन्यांत हेडही किंचित वाकलं होतं, ते प्लेन करून घ्यावं लागलं. पहिल्या महिन्यात थांबले असते तर नुसत्या गॅस्केटवर भागलं असतं.

जुना पाना

ताई, तुमचा अनुभव सगळ्यांनी वाचावा असा आहे. थोडी भर घालतो.

पाण्याची वाफ मुळात प्रत्येक गाडीत असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते थिजतं, थेंब पडतात, वाफ दिसते. ते निरोगी आहे. कूलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहत असेल, तेव्हाच काळजी.

तपासायला हेड उतरवावं लागत नाही. टाकीच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी धरून वरची हवा त्यातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरला असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. दुसरं, थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब द्या आणि रात्रभर ठेवा. दाब उतरला पण बाहेर ओल नाही, तर आत गळतंय. सकाळी प्लग काढून इंजिन फिरवा, ज्या भोकातून तुषार उडेल तो सिलिंडर.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच गॅस्केटवर शिक्का मारू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन तापतच नाही, आतली वाफ थंड झाकणावर जमून तशीच साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी जागची हलवू नका. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कुणीही उघडू नये. आत १०० अंशांवर दाबाखाली पाणी असतं, झाकण सुटताच उकळून तोंडावर येतं.

डिझेलवाल्यांनो, सकाळी पांढरा धूर, डोळे चुरचुरतात आणि वास कच्च्या डिझेलचा, तर तो कूलंट नाही. थंड इंजिन तापवणारा ग्लो प्लग मेलेला असतो किंवा कॉम्प्रेशन कमी. डिझेलमध्ये कूलंट कमी होऊन पांढरा धूर येत असेल तर गॅस्केटच्या आधी ईजीआर कूलर तपासा. तो आतून फुटतो आणि बिचाऱ्या हेडवर आळ येतो.

पहाटवारा

आठवड्याभरात केलेलं लिहितो.

ऑइल काढून पातळी बरोबर केली. सिग्नलचा धूर बराच कमी झाला, सकाळचा तसाच.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हलवला की आतली चकती खुळखुळ वाजायला हवी असं वाचलं होतं. माझा मुका. आत काळा, डांबरासारखा चिकटा. काढण्याआधी इंजिन चालू करून ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून लावला होता, तो हळूहळू फुगून ताठ उभा राहिला. नवा व्हॉल्व्ह घातला आणि होज साफ केल्यावर तोच मोजा आत ओढला गेला, बोटं आतल्या बाजूला वळली. सिग्नलचा उरलासुरला धूरही जवळजवळ गेला.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलची जोडणी काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येकी सहा झटके. पहिला १७२, दुसरा १६८, तिसरा १७०, चौथा १६५ पीएसआय. मग प्लगच्या भोकातून प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा: १७८, १७५, १७६, १७२.

प्लगपैकी तीन फिकट तपकिरी. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या चिनीमातीवर एकाच बाजूला ऑइलची राख, राखाडी पापुद्रा जमलेला.

उताराचीही परीक्षा केली. भाऊ मागून दुसरी गाडी घेऊन आला. पायथ्याशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तेव्हा "एक फुंकर आली आणि गेली" असं तो म्हणाला. चढावर काहीच नाही.

जुना पाना

शाब्बास. इतकं स्वच्छ काम गॅरेजमध्येही रोज बघायला मिळत नाही.

आता आकडे वाचू. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत ७ पीएसआयचा फरक, म्हणजे जेमतेम ४ टक्के. १० टक्क्यांपर्यंत मी कपाळाला आठी घालत नाही. ऑइल घातल्यावर सहा-सात पीएसआय वाढले, तेवढे निरोगी इंजिनातही वाढतात. वरच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून तीस-चाळीसने उडी मारली असती. त्या ठीक आहेत.

ऑइल रिंग उरते. ती अडकली असती तर उताराच्या पायथ्याला फुंकर येऊन थांबली नसती, चढावरही धूर थोडा तरी राहिला असता. आणि सकाळचा लोट तिच्याने सहसा होत नाही, कारण रात्री ऑइल खाली ओघळतं, पिस्टनवर चढत नाही. त्यात तिसऱ्या प्लगवर एकाच बाजूला राख. ती बाजू इनटेक व्हॉल्व्हकडची असेल तर मला शंका उरणार नाही. प्लग परत घाला, घट्ट होईल तिथे वर खडूने खूण करा आणि बघा.

पहाटवारा

बघितलं. इनटेकचीच बाजू.

जुना पाना

व्हॉल्व्ह सील बदला. इंजिन उतरवायची गरज नाही, बहुतेक इंजिनांत हेडही जागेवरच राहतं. त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह बंद राहतो. मग स्प्रिंग दाबून दोन अर्धगोल लॉक काढायचे, स्प्रिंग बाहेर, जुनी टोपी उपटायची, नवी बसवायची. हवा सोडली की पिस्टन खाली पळायला बघतो, म्हणून क्रँक अडवून ठेवा. कॉम्प्रेसर नसेल तर भोकातून स्वच्छ सुती दोरी आत भरून पिस्टन हळूच वर आणा, दोरीवर व्हॉल्व्ह टेकून राहतो. दोरीचं टोक बाहेर राहू द्या.

भोकांवर फडकी टाका. लॉक आत पडला तर दोन तासांचं काम आठवड्याचं होतं. पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी असू द्या.

सील काढल्यावर व्हॉल्व्हचा दांडा आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका खडखडला तर गाइड झिजली आहे. मग नवी टोपी वर्षभर टिकेल आणि पुन्हा हेच होईल. तेव्हा मात्र हेड उतरवून गाइड बदला. सोळाही सील एकदम बदला. एक गेला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत.

काजळी

एक विचारायचं राहिलं. आमच्या डिझेलमध्ये निळा धूर दिसला तर हाच क्रम का?

जुना पाना

नाही, आणि हे नीट वाचा. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी ओढ इनटेकमध्ये नसते, त्यामुळे व्हॉल्व्ह सीलची ती ठरलेली वेळ इतकी स्पष्ट दिसत नाही. टर्बो असलेल्या डिझेलला निळा धूर आला तर मी आधी टर्बोचा इनटेककडचा होज काढतो. आत ऑइलचं तळं असेल, आणि टर्बोचा दांडा बोटाने हलवल्यावर पंखा घराला घासत असेल, तर गाडी त्या क्षणापासून उभी.

कारण टर्बोचा सील पूर्ण गेला तर इंजिन आपलंच ऑइल इंधन म्हणून जाळायला लागतं. किल्ली बंद करूनही थांबत नाही, आरपीएम आपोआप चढत जातो, मागे धुराचा डोंगर. अशा वेळी मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून लांब व्हा. हाताने हवेचं तोंड दाबायला जाऊ नका.

मोजपट्टी

पहाटवारा, काय झालं पुढे? तीन आठवडे झाले.

पहाटवारा

उशीर झाला, पण मोजल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सील बदलले. ओळखीचे एक निवृत्त मेकॅनिक दिवसभर शेजारी बसले, काम मी केलं. जुने सील एका ओळीत कागदावर मांडले. नवा सील दोन बोटांत दाबला की दबतो आणि परत फुगतो. जुने दबतच नव्हते, टेबलावर टाकले की बटणासारखे टक् वाजले. तिसऱ्या सिलिंडरच्या एका इनटेक सीलच्या ओठाभोवतीची बारीक गोल स्प्रिंग निसटून खाली बसली होती, आणि ओठाला तडा. दांडे हलवून पाहिले, गाइड घट्ट आहेत.

पहिल्या दोन सकाळी धूर आलाच, थोडा घाबरलो. ते निवृत्त मेकॅनिक म्हणाले की सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल साचलंय, ते जळू दे. तासभर लांब फिरवून आणली, तिसऱ्या दिवसापासून धूर नाही. १,२०० किलोमीटर झाले, ऑइल वरच्या खुणेपासून जेमतेम दोन मिलिमीटर उतरलंय, वहीत लिहिलंय.

आज सकाळी बरीच थंडी होती. स्टार्ट केल्यावर मागे पांढरं दिसलं आणि छातीत धस्स झालं. कागद धरला, ओला झाला. घरात आणून खिडकीशी ठेवला. अर्ध्या तासाने बघितलं तर कोरा, एकही डाग नाही.

जुना पाना

ती वाफ. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तिसरा प्लग एकदा काढून बघा आणि इथे कळवा.